शंभर सिगारेटी म्हणजे अर्धाच कार्टन, हे विमानात बसण्यापूर्वी कळावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझा भाचा आणि भाचेसून मस्कतहून सुट्टीवर आले. निघताना तिथल्या विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून भाच्याने सिगारेटचा एक कार्टन घेतला होता. कार्टन म्हणजे दहा पाकिटे, दोनशे सिगारेटी. तो स्वतः ओढत नाही. गावातल्या दोघा-तिघा मित्रांनी फोनवर सांगून ठेवले होते, आणि दुकानाच्या पाटीवरच ‘ड्युटी फ्री’ लिहिलेले असल्यामुळे कराचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला अशी त्याची समजूत झाली. इकडे उतरल्यावर दोघे कस्टमच्या ग्रीन चॅनेलमधून निघाले. बॅग यंत्रातून गेली, अधिकाऱ्याने कार्टन काढून टेबलावर ठेवला, तो फोडून पाच पाकिटे परत दिली आणि पाच बाजूला सरकवली. ‘आम्ही दोघे आहोत, माणशी शंभर धरा,’ असे भाच्याने म्हणून पाहिले; त्यावर अशी बेरीज चालत नाही, एवढेच उत्तर मिळाले. पहाटेचे दोन वाजले होते आणि बाहेर गाडीवाला ताटकळत होता. समोर आलेल्या इंग्रजी कागदावर सही करून तो निघाला, आणि दुसऱ्या दिवशी निपाणीत ‘मामा, ह्यात काय लिहिलंय तेवढं बघा’ म्हणून तो कागद त्याने माझ्या हाती दिला. माल जप्त झाल्याचा तो कागद होता.

अधिकाऱ्याने नियमाबाहेर जाऊन काही केले, असे माझे म्हणणे नाही. कागद वाचून झाल्यावर मी नियमही पाहिले. प्रवाशाला आपल्या सामानातून 100 सिगारेटी, किंवा 25 सिगार, किंवा 125 ग्रॅम तंबाखू शुल्काशिवाय आणता येते. यातला ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण शंभर सिगारेटी आणि वर तंबाखूचा डबा अशी दुहेरी मोकळीक त्यात नाही. दुसरे असे की ही सवलत ज्याची त्याची असते. नवऱ्याच्या बॅगेतला माल बायकोच्या वाट्यात दाखवता येत नाही, हे बॅगेज नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: सामानाला रुपयांत जी मोकळीक मिळते, तिच्यात जादा सिगारेटी बसवता येत नाहीत. ‘माझे कपडे आणि मिक्सर धरून अजून वीस हजार शिल्लक आहेत, त्यात हा कार्टन धरा,’ हा हिशेब तिथे लागू पडत नाही, आणि जादा मालावर शुल्क भरायचे ठरले तरी इतर सामानाचा सवलतीचा दर त्याला मिळत नाही.

ही मर्यादा पूर्वी दुप्पट होती. 200 सिगारेटी, 50 सिगार किंवा 250 ग्रॅम तंबाखू चालत असे, म्हणजे एक अख्खा कार्टन बिनबोभाट येई. 2014 च्या जुलैमधील अर्थसंकल्पात ती निम्म्यावर आणली गेली. गंमत अशी, की त्याच अर्थसंकल्पात सामानाची रुपयांतली सवलत 35,000 वरून 45,000 वर गेली, 2016 मध्ये ती 50,000 झाली आणि 2026 मध्ये 75,000. एक हात सैल आणि दुसरा आवळलेला, असे हे धोरण जाणूनबुजून केलेले आहे. आखातातून वर्ष-दोन वर्षांनी घरी येणाऱ्या आमच्याकडच्या कित्येकांच्या डोक्यात मात्र अजून जुना दोनशेचा आकडा आहे, कारण त्यांच्या आधी गेलेल्या काका-मामांनी त्यांना तोच सांगितला होता.

आता माझ्यासारख्या निपाणीकराने याबद्दल लिहावे, याचे कोणाला नवल वाटेल. ज्या गावचे शेतकरी 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर येऊन बसले, त्या गावचा माणूस मर्यादा वाढवा म्हणेल, अशीच अपेक्षा असते. माझी उभी हयात तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा कच्च्या तंबाखूवर केंद्राची एक्साइज होती. 1979 मध्ये ती उठली. तोवर वखारीत आलेल्या आणि वखारीतून गेलेल्या बोदांच्या, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यांच्या, वजनांचा मेळ बसला पाहिजे, ही आमची रोजची धास्ती असे, आणि तंबाखू तर अशी जिन्नस की उन्हाळ्यात सुकून घटते आणि पावसाळ्यात ओल धरून वाढते. तो फरक समजावून सांगताना आमच्या मालकांच्या तोंडाला फेस येई. तेव्हा तंबाखूवरच्या ग्रॅमा-ग्रॅमाचा हिशेब सरकारने मागावा, यात मला नवे काही वाटत नाही. फरक एवढाच, की आम्हाला नियम आधी ठाऊक असे आणि तपासणी नंतर होई. भाच्याच्या बाबतीत तपासणी आधी झाली.

मर्यादा वाढवू नये, असेच माझे मत आहे. आपल्याकडे सिगारेटवर जबर कर आहे तो ओढणाऱ्याने कमी ओढावे म्हणून, आणि बाहेरून बिनकराचा माल मोकळेपणाने आला तर त्या कराला अर्थ उरत नाही. भारताने 2004 मध्ये मान्य केलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातही प्रवाशांना मिळणारी बिनकराची तंबाखू बंद करावी किंवा तिच्यावर मर्यादा घालावी, असे सुचवलेले आहे. सिंगापूरमध्ये तर एक सिगारेटसुद्धा शुल्कमुक्त नाही, आणि हाँगकाँगमध्ये 19 चालतात. विसाचे अख्खे पाकीटदेखील तिथे बसत नाही. त्या मानाने आपले शंभर पुष्कळ झाले. शिवाय ‘भेट’ म्हणून आलेली पाकिटे नेहमी मित्रांपर्यंतच पोचतात असेही नाही. बेळगाव-चिकोडीकडच्या काही पानपट्ट्यांवर काचेमागे ठेवलेली परदेशी पाकिटे मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्यावर आपल्या कायद्याने सक्तीची केलेली, पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारी सचित्र सूचना नव्हती, आणि तशा पाकिटाची विक्री हा सरळसरळ गुन्हा आहे. प्रवाशाची सवलत ही त्याच्या वापरापुरती आणि खऱ्याखुऱ्या भेटीपुरती असते. दुकानदाराला माल पुरवण्यासाठी ती नव्हे.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. जगभर सिगारेट दोनशेच्या कार्टनमध्ये विकली जाते आणि आपली मर्यादा शंभरावर थांबते. ड्युटी फ्री दुकानात शिरणाऱ्या माणसाच्या हातात जो सगळ्यात लहान, स्वस्त पडणारा गठ्ठा येतो, तोच आपल्या मर्यादेच्या दुप्पट असतो. दुकानदार पासपोर्ट पाहतो, बोर्डिंग पास पाहतो, प्रवासी भारतात चालला आहे हे त्याला दिसते. पण ‘तुमच्या देशात यातला निम्माच चालेल’ हे सांगण्याचे त्याला काही कारण नसते. ते सांगण्याचे कारण आपल्याला आहे.

याहून मोठी चुटपुट लागली ती कायद्यातली एक तरतूद वाचून. सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 80 प्रमाणे, प्रवाशाने आपल्याजवळच्या मालाची खरी माहिती स्वतःहून दिली असेल, तर शुल्क लागणारी वस्तू कस्टमकडे ठेवून घेण्याची विनंती त्याला करता येते आणि देशाबाहेर जाताना ती परत मागता येते. भाचा पाच आठवड्यांनी पुन्हा मस्कतला जाणारच होता. शुल्क लागणारा माल जिथे जाहीर करायचा असतो त्या रेड चॅनेलवर जाऊन त्याने दोन वाक्ये बोलली असती, तर ती पाच पाकिटे तिथे ठेवून जाताना घेऊन जाण्याची विनंती त्याला करता आली असती, किंवा शुल्क भरून सोडवता आली असती. पण ग्रीन चॅनेलमधून चालत जाणे म्हणजेच ‘माझ्याकडे शुल्क लागण्याजोगे काही नाही’ असे जाहीर करणे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याला ती गर्दी कमी असलेली रांग वाटली, एवढेच.

हल्लीच्या तरुणांबद्दल आणखी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. दुबईहून येताना हुक्क्याची सुगंधी तंबाखू आणण्याची टूम निघाली आहे. तिचा डबा बहुधा पाव किलोचा असतो, म्हणजे तिथेही नेमकी दुप्पट. कर्नाटकात 2024 पासून हुक्क्याच्या विक्रीवर बंदी आहे, तेव्हा विमानतळावरून सुटलेला डबा इकडे कोणाला विकायला जाल तर त्याची चौकशी वेगळ्या ठिकाणी होईल. आणि इलेक्ट्रॉनिक सिगारेट, ज्याला पोरे ‘व्हेप’ म्हणतात, तिला मर्यादा नाही आणि सवलतही नाही. 2019 च्या कायद्याने तिच्या आयातीवरच बंदी आहे, आणि पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘स्वतःच्या वापराची एकच आहे’ हे उत्तर तिथे कामाला येणार नाही.

आमच्या भागातल्या माणसाला नियम समजत नाहीत, असे मुळीच नाही. गोव्याहून चोर्ला घाटाने येताना कणकुंबीच्या नाक्यावर बाटलीबद्दल काय विचारतात, हे खानापूर तालुक्यातले शेंबडे पोरही सांगेल. तो नियम तोंडपाठ झाला तो नाका रस्त्यात उभा आहे म्हणून. विमानतळाचा नाका माणसाच्या वाट्याला दोन वर्षांतून एकदा येतो. सांबऱ्याचे आपले विमानतळ देशांतर्गत उड्डाणांपुरतेच असल्याने बेळगाव, निपाणी, खानापूरकडचा प्रवासी गोव्यातल्या मोपा किंवा दाभोळीला, नाहीतर मुंबई किंवा बेंगळुरूला उतरतो आणि परक्या ठिकाणी, जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी, त्या टेबलासमोर उभा राहतो. सामानाच्या पट्ट्यापाशी आपण सगळे अर्धा-पाऊण तास ताटकळत असतो. तिथे मराठीत आणि कन्नडमध्ये, ठळक अक्षरांत ‘सिगारेटची पाच पाकिटे, म्हणजे अर्धा कार्टन, त्याहून जास्त असल्यास रेड चॅनेलवर सांगा’ एवढा एक फलक लावावा, अशी सीमाशुल्क खात्याला माझी विनंती आहे. कार्टनचे चित्र काढून त्यावर मधोमध रेघ मारली तर अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल. आणि जप्तीच्या कागदावर सही घेताना त्यातला मजकूर प्रवाशाच्या भाषेत दोन वाक्यांत सांगितला जावा.

आपल्या वृत्तपत्राच्या बेळगाव आवृत्तीत आखातातल्या नोकऱ्यांच्या आणि उमराह-दुबई सहलींच्या जाहिराती रोज असतात. त्याच पानावर हे आकडे एका लहान चौकटीत महिन्यातून एकदा छापता आले तर पाहावे. भाचा आता दिवाळीला येणार आहे आणि मित्रांचे फोन त्याला आतापासून सुरू झाले आहेत.

आपला,
तंबाखू वखारीतील एक निवृत्त हिशेबनीस,
निपाणी, जि. बेळगाव