सिंगापूर क्रूझवाले, इन्शुरन्सचं बघा

मंडळी, क्रूझला येणाऱ्या सगळ्यांनी ट्रॅव्हल इन्शुरन्स मुंबईतून निघायच्या आधीच काढायचाय, नंतर सहसा मिळत नाही. आपली नेहमीची मेडिक्लेम बहुतेकांची भारतापुरतीच असते आणि बोटीवरच्या डॉक्टरचं बिल थेट आपल्या केबिनच्या खात्यावर चढतं, कॅशलेस वगैरे विसरा, पावत्या मात्र जपून ठेवा. पॉलिसीत क्रूझ धरलीय का आणि समुद्रातून पेशंटला हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर तो खर्च मिळतो का, हे एजंटला नीट विचारा, खरा मोठा आकडा तोच. आजी-आजोबांचं बीपी, शुगर फॉर्मवर लिहाच, लपवलं तर क्लेम अडकतो (काकू, "थोडीशीच शुगर" पण शुगरच हं!). पॉलिसीची पीडीएफ रविवारपर्यंत मला पर्सनलवर टाका, ग्रुपवर नको.