टेम्पोवाल्याला चहाला धाडणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतोय. साक्री तालुक्यात गावागणिक एखादे आबा निघतातच, तेव्हा ओळखणारे ओळखतील.

तलावाचा ठेका, अर्ज, पावत्या यांसाठी तुम्ही किती हेलपाटे घातलेत ते इथे लिहीत नाही. त्याबद्दल तोंडी सांगून झालंय. हे पत्र एका चहासाठी आहे. तलावात सोडायच्या बोटुकलीच्या, म्हणजे माशांच्या पिलांच्या (बीजाच्या), पिशव्या काठावर उतरल्या तेव्हा टेम्पोवाला इंजिन चालूच ठेवून ‘ओता पटपट’ करत होता. तुम्ही तलावात हात घातला, मग तोच हात पिशवीला लावून पाहिला आणि खिशातून पैसे काढून त्याच्या हातावर ठेवलेत. ‘भाऊ, जाय, चहा पी ये. अर्धा तास काही सुटत नही.’ भज्यांचेही पैसे दिलेत, म्हणजे तो लवकर परतायला नको!

त्या अर्ध्या तासाची किंमत ज्यांनी बीज मरताना पाहिलंय त्यांनाच कळेल. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन. टेम्पोत ताडपत्रीखाली ते पाणी तापतं, तलावाचं सकाळी गार असतं. तसंच ओतलं तर मासा आकडी आल्यासारखा वळतो आणि तळाला बसतो. म्हणून पिशव्या न उघडता वीस-तीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायच्या. तोंड आधी सोडायचं नाही, यावर तुम्ही अडून बसलात ते बरोबरच होतं. बंद पिशवीत माशांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आंबट होतं आणि त्या आंबटपणामुळे अमोनियाचा जोर दबून राहतो. तोंड सोडलं की वायू निघून जातो, आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे एकदा उघडली की रेंगाळायचं नाही. तलावाचं पाणी मगाने तीन-चार वेळा आत घालायचं, दहा मिनिटांत पिशवी पाण्याखाली आडवी करायची आणि मासा आपल्या पायाने, म्हणजे परांनी, बाहेर जाऊ द्यायचा. हलवून, झटकून नाही.

याआधी जे बीज घेऊन आले त्यांची तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे. भर दुपारी गाडी तलावाच्या भिंतीवर उभी करायची, वरूनच पिशव्या उपड्या करायच्या, फोटो काढायचा आणि निघायचं. मेलेलं बीज लगेच तरंगत नाही, आधी तळाशी जातं. फुगून वर येईपर्यंत फोटोवाले शंभर किलोमीटर पार झालेले असतात आणि काठावर आलेलं बगळे-कावळे साफ करतात. पुढे जाळ्यात काही लागलं नाही की ऐकवायचं, ‘तुमच्या पाण्यातच दोष आहे.’ त्यात बीजही इंचभराचं. ज्या तलावात मरळ आणि वाम आहेत तिथे इंचभर बीज सोडणं म्हणजे त्यांना जेवण घालणं. तुम्ही चार बोटं लांबीची बोटुकली मागवलीत, महाग पडली तरी.

मोजणीही तुम्ही तशीच केलीत. बीज गाळणीने मापून देतात; पहिली गाळणी काठोकाठ भरून मोजायची आणि पुढच्या अर्ध्या पाण्याच्या द्यायच्या, हा धंद्यातला जुना खेळ. तुम्ही सुरुवातीची, मधली आणि शेवटची गाळणी मोजायला लावून सरासरी काढलीत. प्रत्येक गाळणीतले दोन-चार मासे तळहातावर घेऊन दाखवलेत: मोठ्या डोक्याचा तो कटला, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका तो मृगळ. पिशवीत फेस आणि वास नव्हता, कारण आदल्या दिवसापासून बीज हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीत, उपाशी ठेवायला तुम्ही फोन करून सांगितलं होतं. पोट रिकामं असलं की प्रवासात पाणी घाण होत नाही.

सांडवा वाहायचा थांबेपर्यंत बीज आणायचंच नाही, हेही तुमचंच. वाहत्या पाण्याची ओढ या माशांच्या अंगातच असते. सांडवा चालू असताना सोडलेलं बीज नाल्यातून पुढच्या गावाला जातं. विमोचकाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी पाटात सोडायच्या दाराजवळही, सोडायचं नाही, नाहीतर पहिल्याच आवर्तनात पाटात.

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बीज आणावं लागतं. १९५७ साली हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन घडवून आणलं. त्यांच्या कामाची आठवण म्हणून १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन साजरा होतो. हार होतात, भाषणं होतात. त्या भाषणवाल्यांपैकी पाण्यात हात घालून बघणारा आम्हाला तरी अजून भेटलेला नाही.

काही माणसं काम झाल्यावरही थांबतात. मोटार बसवल्यावर पाणी वर येईस्तोवर विहिरीवर बसणारा वायरमन, सलाईन लावल्यावर गाय उठून उभी राहीपर्यंत गोठ्यात थांबणारा डॉक्टर. त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत आणि त्यांचा फोटोही कोणी काढत नाही.

डिसेंबरात फेकजाळं टाकून पाहिलं. कटला वीतभर झालाय, रोहू थोडा मागे आहे. मोजून लगेच परत सोडले. उन्हाळी आवर्तनानंतर पाणी उतरलं की मोठी जाळी लावू, तेव्हा निरोप येईल. पहिल्या कटल्याचं मुंडकं तुमचं. काळ्या मसाल्याचा रस्सा इकडे ठरलेलाच आहे, फक्त भाकर कळण्याची हवी की ज्वारीची ते आधी कळवा.

आपले,
तलावावरचे सगळे