सदा, तुझ्या तापाबद्दल

सावंतवाडी,
१८ ऑक्टोबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर डॉक्टरांच्या नावाने खडे फोडत होतास, पण प्रश्न मात्र बिनतोड विचारलास. "डेंग्यूर औषदच नाय, तर मग माणूस बरो होता कसो?" तेवढ्यात रेंज गेली. पुतण्या उद्या सकाळच्या एसटीने दोडामार्गला येतोय, त्याच्या हाती उत्तर पाठवतो. पडवीत बसून सावकाश वाच.

आधी एक ऐक. तुझी हाडं ठणकावली ती बरीचशी तुझ्याच शरीराने. खोटं वाटत असेल तर हिपॅटायटिस सीच्या पेशंटांना विचार. त्यांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. नवा व्हायरस अंगात शिरलेला नसे, तरी काही तासांत हुडहुडी, ताप, अंगदुखी, सगळं फ्लूसारखं. आणि हे इंटरफेरॉन म्हणजे बाहेरचं काही नव्हे, आपल्याच पेशी ते बनवतात.

ते सापडलं १९५७ साली, लंडनमध्ये. आयझॅक्स आणि लिंडनमन या दोन शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांच्यावर उष्णतेने निकामी केलेला फ्लूचा व्हायरस सोडला. मग तो द्रव काढून नव्या, कोऱ्या तुकड्यांना लावला. त्या कोऱ्या तुकड्यांवर जिवंत व्हायरस घातला, तर तो नीट वाढेचना! म्हणजे पहिल्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडलं होतं, आणि त्यामुळे दुसऱ्या पेशी आधीच सावध झाल्या होत्या. मला हा प्रयोग फार आवडतो. अंडी, पडदे आणि दोन डोकी, बाकी थाटमाट नाही.

आता पेशीला कळतं कसं? तिने डेंग्यू आयुष्यात पाहिलेला नसतो. पण आपल्या आरएनएच्या, म्हणजे जनुकांचा निरोप वाहून नेणाऱ्या धाग्याच्या, टोकाला एक रासायनिक टोपी असते आणि बऱ्याच व्हायरसांच्या आरएनएचं टोक उघडं राहतं, त्यावर तीन फॉस्फेट तसेच. पेशीत रिग-आय नावाचं प्रथिन ते टोक चाचपत असतं. शिवाय व्हायरस स्वतःच्या प्रती काढताना लांबलचक दुहेरी आरएनए तयार होतो. आपल्या पेशीत तसा सहसा नसतो, म्हणून त्याच्यावर पाळत ठेवणारी प्रथिनं वेगळी. डीएनए केंद्रकाबाहेर भलत्याच जागी दिसला तरी बोंब होते. या पहारेकऱ्यांच्या एका घराण्याचा धागा कुठे लागला, माहितीये? पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांत! टोल नावाचं जनुक बिघडलेली चिलटं बुरशीने पटापट मरतात, हे हॉफमन या शास्त्रज्ञांच्या गटाने १९९६मध्ये दाखवलं. २०११च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

बोंब झाली की इंटरफेरॉन सुटतं आणि शेजारच्या पेशी शेकडो जनुकं चालू करतात. मग व्हायरस आत आलाच तर त्या जनुकांपासून बनलेलं एक प्रथिन पेशीचं प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवतं, कारण व्हायरसला तेच यंत्र हवं असतं. दुसरं आरएनए तोडत सुटतं, स्वतःचासुद्धा. काही पेशी सरळ जीव देतात. एवढी मोडतोड चालू असताना माणसाला कसं बरं वाटणार? मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकतो, तू गोधडीत कुडकुडतोस. पॅरासिटामॉल तो काटा खाली आणते, व्हायरसला काही करत नाही.

व्हायरसही कच्चा नाही. डेंग्यूचं एनएस५ हे प्रथिन आपलं स्टॅट२ नावाचं निरोप्या प्रथिन मोडून टाकतं, म्हणजे इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकापर्यंत जातच नाही. काही व्हायरस वेगळी चलाखी करतात. पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर मांडत असते, ते मांडणंच बंद पाडतात. पण एनके पेशी, म्हणजे अंगात गस्त घालणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, नेमकं तेच तपासतात. वेंगुर्ल्याच्या समुद्रात बिननंबरची होडी दिसली की आधी तिलाच अडवतात, तसं.

हे सगळं पहिल्या काही तासांपासून चालू असतं. नेमक्या अँटीबॉडी तयार व्हायला पहिल्या खेपेला पाचसात दिवस तरी लागतात, तोवर हेच खिंड लढवतात. ही फळी कोसळली तर काय होतं ते कोविडमध्ये दिसलं. २०२०च्या एका अभ्यासात अत्यवस्थ ९८७ पेशंटांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी निघाल्या, आणि त्यातले ९५ पुरुष.

आता जरा कान उघडून ऐक. ताप कालच उतरला म्हणालास, पण डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एकदोन दिवसच जपायचे. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर वहिनींनी तुझं काही न ऐकता गाडी काढायची. अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि काजूच्या दिवसांत रानात जाशील तेव्हा पूर्ण बाह्या, पायांत बूट. तुमच्याकडे २०१६पासून ठाण मांडलेला माकडतापाचा व्हायरस डेंग्यूच्याच कुळातला, फक्त तो गोचिडीतून येतो. गंमत म्हणजे तोही १९५७सालीच, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला.

प्लेटलेटचा पुढचा रिपोर्ट आला की लगेच फोटो पाठव. वहिनींना नमस्कार. पुतण्याबरोबर शहाळी धाडतोय, पैसे द्यायला जाऊ नकोस.

तुझा,
अनंत