डॉक्टरांचं नाव कोणतं टाकू?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँटिबायोटिक्स जपून वापरण्याविषयीचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा आहे, वाद नाही. पण सगळे खापर त्यांनी रुग्णांच्या डोक्यावर फोडले आहे. आम्ही म्हणे मनाने गोळ्या घेतो. घेतो ना! पण त्या काय आमच्या कुंडीत उगवतात?

माझ्या पत्नीला लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास तीन-चार वर्षांपासून आहे. पहिल्यांदा डॉक्टरांनी सेफिक्झिम ही अँटिबायोटिक गोळी दिली, आराम पडला. पुढच्या वेळी मीच कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन 'तीच गोळी दे' म्हणालो. दिली. त्याच्या पुढच्या वेळीही दिली. माझे चुकले, नाकारत नाही. गेल्या दिवाळीत तिला हुडहुडी भरून ताप आला, अ‍ॅडमिट करावे लागले. कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून त्याला कोणते औषध लागू पडते हे बघण्याचा, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी हातात पडला. वर जंतूचे नाव, ई. कोलाय, खाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे आर, आर, आर. लागू पडणाऱ्या औषधापुढचा एस शोधावा लागत होता. सापडला तो बहुतेक इंजेक्शनांपुढे. सेफिक्झिमपुढे अर्थातच आर. सहा दिवस सलाईन. भाऊबीज वॉर्डातच झाली.

आर म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू, हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही. माझी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये झाली. १९५४ साली स्थापन झालेल्या, देशाला स्वतःचे पेनिसिलिन देणाऱ्या त्या कारखान्यात मी बुरशी वाढवून पेनिसिलिन बनवण्याच्या टाक्यांवर होतो. बाहेरचा एखादा जंतू टाकीत शिरला आणि तो पेनिसिलिन पचवणारा निघाला, की बॅच वाया. त्या जंतूला आम्ही किती घाबरायचो! आता त्याचे भाऊबंद माझ्या घरात निघाले.

पत्नी घरी आल्यावर मी मुद्दाम त्याच दुकानात गेलो. चिठ्ठी न देता सेफिक्झिमच्या सहा गोळ्या मागितल्या. पोराने दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीने सहा कापून दिल्या. चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी तांबडी रेघ आणि एक्स्पायरीची तारीख त्याच्याकडच्या चार गोळ्यांवर राहिली. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेल्या औषधांच्या एच-१ यादीतली आहे. मार्च २०१४ पासून नियम आहे, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते तीन वर्षे जपायचे. मी विचारले, "रजिस्टर ठेवता का?"

"ठेवतो की काका," म्हणत त्याने ड्रॉवरमधून काढले. पेन उघडले. "डॉक्टरांचं नाव कोणतं टाकू?"

मी गप्प. मग त्यानेच एक टाकले. पानावर वरपासून खालपर्यंत तेच नाव होते, एकाच अक्षरात. मागे भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत. मी त्या गृहस्थांना आजवर चौकटीतच पाहिले आहे. त्या सहा गोळ्या माझ्या कपाटात तशाच आहेत. लेखकांना हव्या असल्यास पाठवतो.

'डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करा' हे तुमचे वाक्य छानच. काउंटरवरच्या पोराने दिलेला कोर्स पूर्ण करायचा की नाही, तेही एकदा छापा. आणि पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगचा इशारा दिलात तो अर्धाच. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात तो म्हणाला होता की, एक दिवस पेनिसिलिन दुकानात कुणालाही विकत मिळू लागेल, आणि मग अडाणी माणूस ते कमी मात्रेत घेईल. तुम्ही अडाणी माणूस ठेवलात, दुकान गाळलेत. दुकाने जाहिराती देतात म्हणून, असे मी म्हणणार नाही.

शेवटी लेखक नव्या औषधांच्या आशेवर आले. आशा आहेच. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारने नॅफिथ्रोमायसिनचा गाजावाजा केला. आपल्या देशात शोधलेले, न्यूमोनियावरचे औषध, दिवसातून एकदा, तीन दिवस. अभिमान मलाही वाटला. पण तीन दिवसांचा कोर्स म्हटल्यावर मला अ‍ॅझिथ्रोमायसिन या जुन्या अँटिबायोटिकची ती तीन गोळ्यांची स्ट्रिप आठवली. आमच्या सोसायटीत सर्दी झाली, घसा धरला, कुणी पावसात भिजले की हीच आणतात. अ‍ॅझिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या जंतूंसाठी वर्षानुवर्षे खपून केलेले औषध त्याच ड्रॉवरमध्ये जाऊन बसणार असेल, तर संशोधकांनी एवढे कशासाठी खपायचे? अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक रजिस्टर उघडून बघतात का, एवढे तरी तुमच्या वार्ताहराने विचारावे. मी विचारले तर म्हातारा डोक्याने गेला म्हणतील.

आपला,
एक निवृत्त कामगार, पिंपरी

ता. क. : लेखासोबत छापलेल्या फोटोतल्या कॅप्सूल बी-कॉम्प्लेक्सच्या आहेत, अँटिबायोटिकच्या नव्हेत. आणि आमच्या चौकातल्या बसथांब्याला छप्पर नसल्याबद्दल मी जूनमध्ये पाठवलेले पत्र अजून छापलेले नाही. पावसाळा संपला.