संज्या, पुण्याला येत नाही

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

तू कॉट बघून ठेवलीस, मेसवाल्या काकूंनाही सांगितलंस. आता रागावशील, पण मी येत नाही. नोकरी लागली. कुंदा वाटून तोंड गोड करावं अशी नाही, म्हणून फोनवर जीभ वळली नाही.

उद्यमबागेत, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं एक छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिक सिलिंडरचे सुटे भाग करतात. मी ट्रेनी, पगार बारा हजार. आयटीआय झालेला शेजारचा पोरगा माझ्यापेक्षा दोन हजार जास्त घेतो. आधी झोंबलं. मग त्याला मशिनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावताना बघितलं आणि गप्प बसलो.

पहिल्या दिवशी फोरमननं हातात मायक्रोमीटर दिला. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ मिमी, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण एकच शाफ्ट तीनदा मोजला तर तीन वेगळे आकडे! तो हसला नाही. माझी बोटं टोकाच्या रॅचेटवर, त्या टिकटिकणाऱ्या मुठीवर, ठेवून म्हणाला, "पिळू नको. टिक, टिक, टिक. साकु." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. तीनदा वाजलं की थांबायचं, एवढंच. हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कळलं नाही, कारण आमच्या लॅबमधला मायक्रोमीटर कायम कपाटात कुलपात. जर्नलवरच्या सह्या मात्र एकूण एक पूर्ण.

आधीचे चौदा महिने कसे गेले ते तुला ठाऊकच आहे. कॅम्पसमधून मिळालेलं ते पत्र आठवतं? जॉइनिंग दोनदा पुढं ढकललं, मग मेलला उत्तर येणंच बंद झालं. बाकी जाहिराती बघाव्यात तर 'फ्रेशर पाहिजे, अनुभव दोन वर्षं'. हा विनोद कोण लिहितं रे? युवानिधीचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बेकारभत्त्याचे, महिना ३००० यायचे, त्याचा आधार होता, खोटं कशाला बोलू. पण 'मी अजून बेकार आहे' असं पोर्टलवर जाहीर करायचं म्हणजे पोटात कसंतरी व्हायचं.

सरकारी परीक्षांचं म्हणशील, तर इकडं माझं कन्नड आडवं येतं. तिकडच्या, महाराष्ट्राच्या जाहिरातीत आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी ती ओळ असते, १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्याची. ओळ वाचून बरं वाटतं. पण एका जागेमागं किती अर्ज पडतात, हे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून तूच रोज बघतोस. तू सोड असं म्हणत नाही हां. तुझा अभ्यास झालाय, माझा झालेला नाही. गंमत म्हणजे शाळेत नावडतं ते कन्नड आता मशिनवर आपोआप येऊ लागलंय. शिव्या आधी आल्या.

अप्पा मात्र आठ दिवस बोलले नाहीत. चारातले दोन माग विकून माझी फी भरली, आणि पोरगा पुन्हा ऑइलचे कपडे घालून घरी येतो. परवा जेवताना एकदम म्हणाले, "काय करूलालास तिथं दिवसभर?" मी सांगितलं. थोडा वेळ भात कालवत बसले. मग उठून मागाचा झिजलेला बुश आणला आणि ताटाशेजारी ठेवला. "असला करून मिळतो काय तुमच्याकडं?"

उद्या डब्याच्या पिशवीतून नेतोय.

दिवाळीला आलास की सविस्तर बोलू. आणि एक, तुझ्या आईला मी पगार पंधरा सांगितलाय. विचारलं तर सांभाळून घे.

तुझाच,
बाळू