ऑफिसातला फायटर मासा: बाऊल नको, टाकी हवी

संपादक महोदय,

मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत टेबलावर काचेचा बाऊल, त्यात रंगीत खडे आणि एकटा फायटर मासा हे दृश्य आता सर्रास दिसते. कुणी वास्तूसाठी ठेवतो, कुणाला तो भेट म्हणून आलेला असतो. विकणारा सांगतो, 'याला हवा नको, फिल्टर नको, वाटीभर पाण्यातही राहतो.' हे अर्धेच खरे आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यापायी हे मासे काही महिन्यांत मरतात. नीट ठेवलेला फायटर तीन-चार वर्षे सहज जगतो. ऑफिसातही तो चांगला राहू शकतो, फक्त त्यासाठी काय लागते ते आधी माहीत हवे.

फायटर, म्हणजेच बेट्टा, हा मूळचा थायलंडमधल्या भातखाचरांतला आणि दलदलीतला मासा. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. त्याच्या कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा एक अवयव असतो. त्यामुळे तो वर येऊन तोंडाने हवा घेतो आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तगतो. भातखाचरातले पाणी उथळ असते, पण ते दूरवर पसरलेले असते आणि झाडोऱ्याने भरलेले असते. दोन लिटरच्या बाऊलशी त्याचा काही संबंध नाही.

मासा मरतो तो बहुधा स्वतःच्याच उत्सर्जनाने. खाल्लेल्या प्रथिनांतून तयार होणारा अमोनिया त्याच्या कल्ल्यांवाटे सतत पाण्यात उतरत असतो, आणि उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते. अमोनियाने कल्ले भाजतात. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला तर अमोनियाचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. पुढे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असे बांधून टाकते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. अशा वेळी मासा पुन्हा पुन्हा वर येऊन हवा घेतो आणि तरीही गुदमरतो. बघणाऱ्याला वाटते, किती चपळ झालाय! दुसऱ्या गटातले जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बरेच निरुपद्रवी असते. हे दोन्ही गट स्पंज, खडे, काच अशा पृष्ठभागांवर वस्ती करतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. दर सोमवारी बाऊल रिकामा करून, खडे नळाखाली घासून, ताजे पाणी भरणारा माणूस मेहनत करतो खरी, पण त्यात ही वस्ती धुऊन जाते आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन उरलेल्या जिवाणूंना मारते.

म्हणून किमान २० लिटर पाणी धरावे. ४० × २५ × २५ सेंटिमीटरची टाकी घेऊन ती २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरली की बरोबर २० लिटर होतात. वरची पाच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी आणि झाकण हवेच, कारण फायटर उडी मारतो. शिवाय झाकणामुळे पाण्यावरची हवा दमट आणि उबदार राहते, एसीचा गार झोत थेट त्याच्या श्वासात जात नाही. खडे-काचेसह अशा टाकीचे वजन २५ किलोच्या वर जाते. ती भक्कम टेबलावर, खाली थर्माकोलची शीट घालून ठेवावी. क्युबिकलच्या पार्टिशनवर किंवा डगमगत्या रॅकवर नको, खिडकीच्या थेट उन्हातही नको.

फिल्टर म्हणून हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर पुरतो. हवा नळीतल्या छोट्या व्हॉल्व्हने कमी करावी, कारण लांब शेपटीच्या नराला जोराचा प्रवाह सोसत नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय राहू नका. वीज गेली की पाणी नळीतून उलटे पंपात येते आणि तिथून टेबलावरच्या संगणकापर्यंत पोहोचते. त्या व्हॉल्व्हवरचा बाण पंपाकडून टाकीकडे दाखवत असावा. उलटा बसवला तर हवाच येणार नाही. वायरीही प्लगच्या खाली लोंबतील अशा सोडाव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतो.

मासा टाकीसोबत त्याच दिवशी आणू नये. फिल्टर चालू करून रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे. जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कुणाच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट थोडे दिसू लागले की मासा आणावा. दुकानात पंख मिटून तळाशी पडलेला किंवा खवले उभे राहिलेला मासा घेऊ नये. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून, मग थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालत मासा जाळीने सोडावा. दुकानातले पाणी टाकीत ओतू नये. एका टाकीत एकच फायटर.

इथपर्यंतचे घरालाही लागू आहे. ऑफिसात खरी अडचण येते ती सुट्टीच्या दिवशी. शुक्रवारी रात्री सुरक्षारक्षक मजल्याचा मेन स्विच पाडतो. त्याचे ते कामच आहे. पण पंप थांबला की स्पंजमधला प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि सोमवारी पंप सुरू झाला की तोच सडलेला स्पंज टाकीत घाण सोडतो. मासा हवा घेऊन दोन दिवस काढतो आणि मंगळवार-बुधवारी आजारी पडतो, त्यामुळे दोष खाद्याला दिला जातो. यावर उपाय एकच: सीसीटीव्ही किंवा सर्व्हरच्या कायम चालू लाइनवरचा सॉकेट मागून घ्यावा आणि त्यावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवावी. पंप तीन-चार वॉटचा आणि हीटर २५ वॉटचा असतो, म्हणजे सगळा भार एक-दोन एलईडी ट्यूबइतका.

हीटर मुंबईच्या उकाड्यात कशाला, असे लोक विचारतात. एसी २२ अंशांवर असेल तर टाकीचे पाणी तेवढेच किंवा बाष्पीभवनाने थोडे आणखी गार असते. फायटरला २५ ते २७ अंश लागतात. गारठ्यात त्याचे पचन मंदावते, पोट फुगते, तो तळाशी पडून राहतो. त्यात शनिवार-रविवारी एसी बंद, मे महिन्यात बंद केबिन तापलेली, आणि सोमवारी पुन्हा २२. दोन लिटर पाणी या चढउताराबरोबर धावते, २० लिटर बरेच सावकाश बदलते. थर्मोस्टॅट असलेला हीटर निदान खालची बाजू सांभाळतो. पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटे तो बंद करावा, नाहीतर पाण्याबाहेर आलेली तापलेली काच तडकते.

पेस्ट कंट्रोलबद्दल तर फार सावध राहावे लागते. झुरळांसाठी फवारतात ती सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे माशांना अत्यल्प मात्रेतही मारक असतात. एअर पंप खोलीतली हवा खेचून ती थेट पाण्यात सोडतो आणि फायटर वरची हवा तोंडाने घेतो, म्हणजे दोन्ही वाटांनी विष आत. फवारणीची तारीख प्रशासन विभागाकडून आधी मागून घ्यावी आणि त्या दिवशी मासा टाकीच्याच पाण्यासह झाकणाच्या बादलीत घालून वेगळ्या मजल्यावर न्यावा. बादली पूर्ण भरू नये, पाण्यावर हवा राहू द्यावी. स्पंजही त्याच बादलीत ठेवावा. टाकी प्लास्टिकने पूर्ण झाकून पंप बंद ठेवावा आणि खोली नीट हवेशीर झाल्यावरच सगळे परत लावावे. डास पळवणारे मशीन आणि रूम फ्रेशनर टाकीजवळ कधीच नकोत. काच पुसणाऱ्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे की स्प्रे टाकीवर मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचे.

पाणी दर आठवड्याला पाच लिटर बदलावे, आणि ते गुरुवारी. शुक्रवारी संध्याकाळी बदलले आणि काही बिघडले तर बघायला कुणी नसते. बादली फक्त टाकीसाठी वेगळी ठेवावी, साबण लागलेली चालत नाही. नळाचे पाणी आदल्या दिवशी त्याच खोलीत भरून ठेवले तर तापमान जुळते. त्यात बाटलीवर लिहिलेल्या मात्रेने अँटिक्लोरीन घालावे. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास येतो तेव्हा तर ते विसरूच नये. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळायचा. पाणी शुद्ध म्हणून कूलरमधले आरओचे पाणी भरणारे बरेच आहेत. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएच धरून राहत नाही, एकदम खाली घसरतो आणि जिवाणूही मंदावतात. मुंबईचे तलावांचे पाणी मुळातच मृदू आहे, तेच चांगले. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणीही फायटर सोसतो, फक्त ते रोज बदलते नसावे.

खाद्य: सकाळी तीन-चार दाणे, संध्याकाळी एखादा. हा किडे-अळ्या खाणारा मासा आहे. लकी बांबूची मुळे खाऊन तो जगतो ही समजूत साफ चुकीची. ऑफिसात तो उपाशी मरत नाही, चार जणांनी चार वेळा घातलेल्या खाद्याने मरतो. औषधाच्या गोळ्यांची आठवड्याची डबी आणून सोमवार ते शुक्रवारचे दाणे मोजून भरावेत. कप्पा रिकामा असेल तर आजचे घालून झाले, हे सगळ्यांना कळते. शनिवार-रविवारचा उपास त्याला चांगलाच. दिवाळीच्या चार-पाच दिवसांच्या सुट्टीतही निरोगी मोठा मासा खाण्याशिवाय राहतो. सुट्टीसाठी मिळणारे विरघळणारे खाद्याचे ठोकळे मात्र पाणी नासवतात.

झाडे हवीत. अनुबियास आणि जावा फर्न ट्यूबलाइटच्या प्रकाशातही टिकतात. ती खड्यांत पुरायची नाहीत, दगडाला दोऱ्याने बांधायची, पुरली की त्यांचे आडवे खोड कुजते. देशी बदामाचे वाळून गळलेले लाल पान धुऊन टाकले की पाणी चहाच्या रंगाचे होते, ते फायटरला मानवते. मात्र औषध फवारलेल्या किंवा वाहत्या रस्त्याकडेच्या झाडाचे पान घेऊ नये. पंखांच्या कडा काळ्या पडून झिजू लागल्या तर दुकानातून औषध आणण्याआधी अमोनिया तपासावा आणि पाणी बदलावे, बहुतेक वेळा तेवढ्याने भरून येते.

दुकानदारांनी बाऊलसोबत फायटर विकणे थांबवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. आणि ज्यांना ऑफिसात मासा ठेवायचा आहे त्यांनी टाकी घेण्याआधी प्रशासन विभागाला विचारावे की शनिवार-रविवारी त्या सॉकेटला वीज राहील का आणि पेस्ट कंट्रोलची तारीख आधी कळेल का. दोन्हींपैकी एकाचेही उत्तर 'नाही' आले, तर त्या टेबलावर मनी प्लँटची कुंडी ठेवावी.

– एक मत्स्यपालक वाचक, ठाणे