हार्डिनचे कुरण आणि पांझरेचा फड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील भूजलाच्या घसरत्या पातळीवर आपल्या दैनिकात नुकताच आलेला अग्रलेख वाचला. विहिरी आणि बोअरवेलवर एक तर सरकारने कडक अंमल बसवावा, नाही तर पाण्याचे हक्क ठरवून ते खरेदी-विक्रीला मोकळे करावेत, तिसरा मार्ग संभवत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. मी धुळे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बरीच वर्षे अर्थशास्त्र शिकवले आणि वर्गात हेच सांगत आलो, त्यामुळे दोष देण्याचा अधिकार मला फारसा नाही. पण ज्या विचारावर हा निष्कर्ष उभा आहे, त्याच्या पायालाच धक्का बसून आता बराच काळ लोटला आहे, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

तो विचार गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील निबंधात मांडला. सर्वांना मोकळे असलेले एक कुरण आहे; प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि नुकसान सर्वांत वाटले जाणारे; शेवटी कुरण उजाड होते. निबंधाचा खरा विषय लोकसंख्यावाढ हा होता, आणि ते कुरण हार्डिनने कुठे जाऊन पाहिलेले नव्हते. विल्यम लॉइड या इंग्रज लेखकाच्या १८३३ मधील पुस्तिकेतून ते घेतले होते. तरीही ‘समाईक म्हणजे सर्वनाश’ हे सूत्र अर्थशास्त्रात जवळजवळ नियमासारखे रुजले. आपल्याला ते परके वाटण्याचे कारणही नव्हते, कारण ‘बारभाईचा कारभार’ हा शब्दप्रयोग आपल्या जिभेवर आधीपासूनच होता. (‘गाव करी ते राव न करी’ ही म्हणही याच भाषेतली, पण ती वर्गात कुणी सांगत नसे.)

या सूत्राला आव्हान दिले ते एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी विदुषीने. गणिताची तयारी अपुरी म्हणून अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला त्यांना प्रवेश मिळाला नाही, म्हणून त्या राज्यशास्त्राकडे वळल्या, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९६५ मध्ये पूर्ण केलेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता लॉस एंजेलिस परिसरातील भूजल. अतिउपशामुळे तिथे समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरू लागले होते, आणि उपसा करणाऱ्यांनीच वाटाघाटी करून तो आवरण्याची व्यवस्था उभी केली होती. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडमधील टर्बेल गावची कुरणे, जपानी खेड्यांची वने, स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे आणि फिलिपाइन्समधील कालवे यांची उदाहरणे तपासली आणि १९९० च्या ग्रंथात दाखवून दिले, की हार्डिनच्या कुरणाला नियमच नव्हते, प्रत्यक्षातील टिकलेल्या समाईकाला मात्र नियम असतात, राखणदार असतो आणि चढत्या क्रमाचा दंडही असतो. सगळीकडे हे जमते असे त्यांनी कधीही म्हटले नाही. फसलेली उदाहरणेही त्याच ग्रंथात आहेत. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा कित्येक अर्थतज्ज्ञांना त्यांचे नाव नवे होते.

एखाद्या शास्त्राने गृहीत धरलेली विचारचौकट बदलते म्हणजे काय, याची चर्चा थॉमस कून यांच्या १९६२ च्या ग्रंथापासून सुरू होते. कून भौतिकशास्त्रातले. सामाजिक शास्त्रज्ञांच्या सहवासात एक वर्ष काढताना, हे लोक आपल्या विषयाच्या मूलभूत प्रश्नांवरच किती भांडतात, हे पाहून त्यांना विचारचौकटीची कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. सामाजिक शास्त्रांची अडचण इथेच आहे. जुनी चौकट विद्वानांनी सोडली तरी ती पाठ्यपुस्तकात, सरकारी टिपणीत आणि अग्रलेखात नांदत राहते.

आमच्याकडे तर पुरावा दाराशी होता. पांझरा आणि मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत कित्येक पिढ्या फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाटकऱ्याने सोडायचे, जागल्याने राखण करायची आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी द्यायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवायचे, आणि शेतकऱ्याची जमीन सहसा वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने तोटाही एकट्या-दुकट्यावर पडत नसे. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप वाढले, तशी ही व्यवस्था खिळखिळी झाली. मी वर्गात हार्डिनचा सिद्धांत शिकवत असताना एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले होते, “सर, मग आमच्या फडाचं काय?” ते परीक्षेत येणार नाही, असे उत्तर मी दिले. त्याची लाज आजही वाटते.

मात्र जुनी चौकट टाकून ऑस्ट्रॉम यांची चौकट तशीच डोक्यावर घ्यावी, असेही मला म्हणायचे नाही. समाईक साधनाच्या वापरकर्त्यांची सीमा स्पष्ट असावी, हे टिकाऊ व्यवस्थेसाठी त्यांनी सांगितलेल्या तत्त्वांपैकी पहिले. महाराष्ट्रात या तत्त्वापाशी थबकावेच लागते, कारण सीमा कोण आखतो, हा प्रश्न इथे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर विचारला गेला. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव आधीच झाला होता, डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी पाणी प्यायले, तेव्हा तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि पुढे तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा न्यायालयात गेला. तो उच्च न्यायालयात निकालात निघायला १९३७ उजाडले. गाव पाण्याचे नियम उत्तम सांभाळू शकते आणि त्याच नियमांनी काही माणसांना काठावर उभे करू शकते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

म्हणूनच मला पुरंदर तालुक्यातील नायगावची पाणी पंचायत अधिक धाडसी वाटते. १९७२ च्या दुष्काळानंतर अभियंते विलासराव साळुंखे यांनी तिथे पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडून माणसाशी जोडला. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा, उसाला बंदी आणि भूमिहीनालाही वाटा. ज्याच्याकडे शेतच नाही त्याला सिंचनाचे पाणी, ही कल्पना त्या काळी वेडगळ ठरवली गेली असेल तर नवल नाही, कारण आपला पाण्याचा सारा कायदाच जमिनीच्या मालकीवर उभा होता.

आज हिवरे बाजार या गावात पावसाची मोजदाद करून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. सिंचनासाठी बोअरवेलला तिथे बंदी आहे. सरकारी मीटर आणि पाण्याचा बाजार या दोन्हींत ही व्यवस्था बसत नाही. भूजलावर पुढील अग्रलेख लिहिण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीला अशा एखाद्या ग्रामसभेला पाठवावे, आणि सभेला कोण हजर आहे याबरोबरच गावातले कोण आलेले नाही, हेही त्याने विचारून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, जि. धुळे